कोरड्या हवेतली नारळाची सुरळी

दिवाळीच्या सुमारास काटोलच्या बागांत अंबिया बहाराची संत्री रंग धरतात, पाऊस सरतो आणि हवेतली ओल कमी होत जाते. थायलंडमधली नारळाच्या दुधाची कुरकुरीत सुरळी, थोंग मुआन, घरी करायला याहून चांगला मोसम नाही, असं माझं ठाम मत आहे. नारळ आपल्याकडे विदर्भात फारसा पिकत नाही, हे खरं. पण या पदार्थाचं खरं वैर दमट हवेशी आहे. थायलंडमध्ये ही सुरळी घट्ट बंद डब्यातच जपावी लागते.

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, 1511 मध्ये मलाक्का, आणि त्याच वर्षी त्यांचा दूत सयामची, म्हणजे तेव्हाच्या थायलंडची, राजधानी अयुथयाला पोचला. पुढे सतराव्या शतकात तिथे मारिया गुयोमार द पिन्हा ही जपानी-पोर्तुगीज वंशाची बाई राजवाड्याच्या मुदपाकखान्यात नावारूपाला आली. अंड्याच्या अनेक थाई मिठायांचं, आणि या सुरळीचंही, श्रेय परंपरा तिलाच देते. सुरळीची भावंडं आजूबाजूलाही आहेत: इंडोनेशियात सेंप्रोंग, फिलिपिन्समध्ये बार्कियो.

थायलंडमध्ये लांब दांड्यांचा, दोन लोखंडी पाती जोडलेला साचा निखाऱ्यावर धरतात. आपण जाड बुडाचा नॉनस्टिक तवा घ्यावा.

शंभर ग्रॅम टॅपिओका स्टार्च (साबुदाणा त्याचाच होतो, न मिळाल्यास कॉर्नफ्लोअर), पन्नास ग्रॅम तांदळाचं पीठ, साठ ग्रॅम साखर, साठ ग्रॅम गूळ, अडीचशे मिली नारळाचं दूध, एक अंडं, चिमूटभर मीठ आणि चमचाभर काळे तीळ. थायलंडमध्ये ताडगूळ घालतात. आपला उसाचा गूळ चवीला छान, पण तो हवेतली ओल ओढून घेतो, म्हणून निम्मी साखर. गूळ-साखर कोमट दुधात विरघळवून गाळावी, पूर्ण गार झाल्यावरच अंडं फेटून घालावं, मग पिठं. अंडं वगळलं तरी सुरळी होते, फक्त गुंडाळताना जास्त तडकते. संत्र्याची साल काढण्याआधी तिचा फक्त केशरी भाग बारीक किसून मिश्रणात घालावा; खालचा पांढरा थर कडवट असतो. ही भर माझी आहे, आणि नारळाला ती फार शोभते.

अर्ध्या तासाने मिश्रण ढवळून, मंद आचेवर चमचाभर ओतावं आणि चमच्याच्या पाठीने शक्य तितकं पातळ पसरावं. जाड राहिलं तर आत चिवटपणा उरतो. कडा सुटून तांबूस झाल्या की सराट्याने उचलून लाटण्याच्या बारीक टोकाभोवती लगेच गुंडाळावं. सगळं कसब या काही क्षणांत आहे: गरम असेपर्यंत साखर मऊ असते, गार होताच काचेसारखी कडक होते. चकती आधीच कडक झाली तर पुन्हा तव्यावर टेकवावी, ती नरमते. गुंडाळल्यावर जोड खाली करून थोडं दाबून धरावं, नाहीतर सुरळी उलगडते.

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नये. कोमट सुरळ्यांची वाफ सगळा डबा मऊ करते. मऊ पडल्याच, तर कमी आचेवरच्या तव्यावर थोडा वेळ ठेवून पुन्हा गार कराव्यात.

तिखट आवडणाऱ्यांनी गूळ-साखर निम्मी करून लसूण, मिरी आणि कोथिंबिरीची मुळं वाटून घालावीत. थाई स्वयंपाकातलं हे मूळ वाटण आहे, आणि आपल्याकडे सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुडीची मुळं रोज फेकलीच जातात.