पापणीची परीक्षा

सकाळी आत्याच्या दोन्ही पापण्या सारख्या असायच्या. संध्याकाळी टीव्हीसमोर बसली की डावी हळूहळू खाली यायची आणि बातम्या देणाऱ्या एकीच्या दोन दिसायच्या. चष्म्याचा नंबर बदलूनही फरक पडेना, तेव्हा आम्ही न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजीच्या ओपीडीत गेलो.

डॉक्टरांनी आधी टॉर्चने बाहुल्या पाहिल्या. दोन्ही सारख्या, उजेडात चटकन आकसणाऱ्या. तिसऱ्या मज्जातंतूवर दाब असता तर बाहुलीही मोठी होण्याची शक्यता होती. डॉक्टरांना संशय होता मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजाराचा, आणि त्यात ती शाबूत राहते. एक डोळा झाकल्यावर दुसरी प्रतिमा नाहीशी झाली.

"मावशी, डोकं न हलवता वर बघत राहा." मिनिटभरातच डावी पापणी घसरली. मग खाली बघून झटकन समोर बघायला सांगितलं, तर पापणी क्षणभर वर उसळली आणि पुन्हा उतरली. याला कोगनची खूण म्हणतात. डॉक्टरांनी डावी पापणी बोटाने उचलली, तशी चांगली दिसणारी उजवी खाली आली! मेंदू दोन्ही पापण्यांना सारखाच हुकूम देतो. डावीसाठी लावलेला जादा जोर उजवीचा दोष झाकत होता.

शेवटी बर्फ. मिटलेल्या डाव्या डोळ्यावर दोन मिनिटं पिशवी ठेवली. आधी पापण्यांमधली फट पाच मिलिमीटर होती, आता आठ. मायस्थेनियाच्या बाजूने कौल द्यायला दोन मिलिमीटरची वाढही पुरेशी मानतात.

या आजारात शरीराच्याच अँटिबॉडी स्नायूंवर मज्जातंतूचा निरोप आणणारं असिटिलकोलिन झेलणारी ठिकाणं निकामी करतात. असिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम थंडीत मंदावतं, म्हणून निरोप जास्त वेळ टिकतो. पायरिडोस्टिग्मिनची गोळीही त्याच एन्झाइमला अडवते. या उपचाराची वाट 1934 साली ग्रीनिचच्या डॉ. मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मिनच्या इंजेक्शनने दाखवली.

पुढे रक्ततपासणी आणि या आजाराशी जोडलेल्या थायमस ग्रंथीसाठी छातीचा सीटी स्कॅन. आजार डोळ्यांपुरता असेल तर जवळपास निम्म्या रुग्णांच्या रक्तात या अँटिबॉडी सापडतच नाहीत. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही, असं ठरत नाही.

घरात कुणाची पापणी दिवस कलताना उतरत असेल, तर सकाळ-संध्याकाळचे फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. पापणी अचानक पडली, बाहुली मोठी झाली, किंवा गिळताना, श्वास घेताना त्रास होऊ लागला, तर मात्र फोटो काढत बसू नका. तडक हॉस्पिटल गाठा.