कोशप्रकाशन व वर्गणीदार पद्धती

कोशप्रकाशन व वर्गणीदार पद्धती : अनेक खंडांत क्रमाक्रमाने निघणारा कोश किंवा ग्रंथमाला निष्ठावान वाचकांकडून आगाऊ अथवा हप्त्यांनी मूल्य घेऊन छापण्याची व विकण्याची रीत. एरवी ग्रंथ तयार होतो आणि मग गिऱ्हाइकाची वाट पाहतो. ह्या रीतीत गिऱ्हाईक आधी मिळवावे लागते व शेवटचा खंड निघेपर्यंत टिकवावे लागते. विसाव्या शतकात मराठीपुरते ह्या रीतीचे मुख्य केंद्र पुणे हे होते.

यूरोपात ही पद्धती सतराव्या शतकापासून रूढ आहे. तिचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे दीद्रोने संपादिलेला फ्रेंच विश्वकोश (१७५१–७२). १७५० च्या माहितीपत्रकात मजकुराचे आठ व चित्रांचे दोन खंड देण्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात मजकुराचे सतरा व चित्रांचे अकरा खंड निघाले आणि त्या प्रमाणात वर्गणीही वाढत गेली. सुमारे चार हजार वर्गणीदारांपैकी लुनो द ब्वाझेर्मां ह्या एकाने प्रकाशकांवर फिर्याद केली आणि ती कित्येक वर्षे चालली. आधी पैसे देणाऱ्या वाचकाचा ग्रंथावर हक्क किती, हा प्रश्न तेव्हापासून ह्या व्यवसायाला चिकटलेला आहे.

महाराष्ट्रात वर्गणीदाराची सवय प्रथम मासिक पुस्तकांनी लावली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला (१८७४–८१) एकहाती लिहिलेली असूनही तिचे ८४ अंक निघाले. १८७८ मध्ये पुण्यातच काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक व शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांनी काव्येतिहाससंग्रह सुरू केला. त्यात जुनी काव्ये, बखरी व ऐतिहासिक पत्रे क्रमशः छापली जात. असे मासिक विकत घेणारा मनुष्य करमणुकीसाठी वाचणारा नसे, तर संग्रह करणारा असे. सुटे अंक जपून ठेवावेत, पुढे बांधून घ्यावेत, ही त्याची वृत्ती. मालेचे खरे भांडवल ही वृत्तीच होय. परंतु असे वाचक मूठभरच असत आणि दशकभराच्या आसपास काव्येतिहाससंग्रह बंद पडला.

ह्या वृत्तीवर सर्वांत मोठा डाव मांडला तो श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) ह्यांनी. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी सरकार वा संस्थानिक ह्यांच्यावर भिस्त न ठेवता नागपुरात ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी काढली. पुढे कार्यालय पुण्यास आणले. भाग विकून भांडवल आणि वर्गणीदार नोंदवून गिऱ्हाईक, अशी दुहेरी योजना होती. केतकर व त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले. वकील, शिक्षक, इनामदार, वाचनालये ह्यांच्याकडे जाऊन संपूर्ण संचाची मागणी नोंदविणे, हे संपादनाइतकेच महत्त्वाचे काम होऊन बसले. माझे बारा वर्षांचे काम ह्या आपल्या पुस्तकात केतकरांनी ह्या व्यवहाराची हकीकत सांगितली आहे. विद्वानाने धंद्याची बाजू इतक्या मोकळेपणाने लिहिल्याचे दुसरे उदाहरण मराठीत सहसा आढळत नाही.

ज्ञानकोशाचे २३ खंड आहेत. पैकी पहिले पाच प्रस्तावनाखंड असून त्यांत ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’, ‘बुद्धोत्तर जग’ व ‘विज्ञानेतिहास’ हे विषय आले आहेत. ‘अ’ ह्या अक्षरापासूनच्या नोंदी सहाव्या खंडात सुरू होतात. विद्वत्तेच्या दृष्टीने ही मांडणी समर्थनीय आहे. मात्र एखादा शब्द काढून पाहण्याच्या अपेक्षेने वर्गणी भरणाऱ्याला पाच जाडजूड खंड केवळ संपादकावरील विश्वासापोटी घ्यावे लागले. एवढ्यावरही काम शेवटास गेले, ह्यावरून त्या वर्गणीदारांची तयारी ओळखावी.

अकारविल्हे रचलेल्या ग्रंथाचे अर्थकारण इतर मालांहून वेगळे असते. ‘क’पर्यंत येऊन थांबलेला कोश निम्म्या किंमतीचाही राहत नाही. म्हणून घेणारा पुढच्या खंडाला बांधलेला असतो, तसा प्रकाशकही पुढचा खंड काढण्यास बांधलेला असतो. दर खंडागणिक काही वर्गणीदार मृत्यू, बदली वा ओढगस्तीमुळे गळतात. मग पहिल्या खंडांच्या प्रती पडून राहतात. पुढच्या कमी छापाव्यात, तर नव्याने येणाऱ्याला पूर्ण संच देता येत नाही. गळती रोखण्यासाठी नमुन्याची पाने, प्रकाशनपूर्व सवलत, हप्ते, वर्गणीदारांच्या नावांची छापील यादी, दलालाला अडत आणि टपालाने व्ही. पी. ही साधने वापरली जात. सवलतीची मुदत हे त्यांतले सर्वांत धारदार शस्त्र. तिच्यामुळे कागदाचे पैसे वेळेवर हाती येतात. पण काम लांबले व कागद महागला, की जुन्या दराने दिलेले वचन प्रकाशकाच्याच अंगावर येते.

ज्ञानकोशात तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे ह्यांनी हा अनुभव पुढे नेला. त्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ ह्या काळात निघाले. नंतर वाक्‌संप्रदाय कोश व सुलभ विश्वकोश (६ खंड, १९४९–५१) आले. एकाच वाचकवर्गाला एकामागून एक पूरक ग्रंथ पुरविण्याचे धोरण येथे स्पष्ट दिसते. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव ह्यांनी प्राचीन (१९३२), मध्ययुगीन (१९३७) व अर्वाचीन (१९४६) असे तीन चरित्रकोश वेगवेगळे ठेवले. त्यामुळे प्रत्येक कोश स्वतंत्रपणे उपयोगी पडे व एकच घेणाऱ्याची फसगत होत नसे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही विभागणी सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल. महादेवशास्त्री जोशी ह्यांचा भारतीय संस्कृतिकोश मात्र दहा खंडांचा असून त्यास १९६२ ते १९७९ असा काळ लागला. पहिला खंड घेणाऱ्याच्या घरात तेवढ्यात पुढची पिढी वाचती झाली होती.

ह्याच अडचणी अगदी निराळ्या क्षेत्रात, छंदिष्टांच्या खेळांत, दिसून येतात. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपाने निघाला. त्यात खेळाडू काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेतात व एक सूत्रधार कथा चालवितो. नियमांचे ग्रंथ एकदा घेतले की ते वर्षानुवर्षे पुरतात. म्हणून टीएसआर ह्या प्रकाशनसंस्थेने तयार साहसकथा, नवशिक्यांसाठी सोपा संच, जाणत्यांसाठी विस्तृत नियमग्रंथ, ड्रॅगन हे मासिक व कादंबऱ्या अशी पुरवण्यांची रांग लावली. खर्च बहुधा सूत्रधारच करतो, बाकीचे त्याच्या ग्रंथांवर खेळतात. वाचनालयाच्या एका संचावर गाव वाचतो, तसाच हा प्रकार. पुढे ह्या संस्थेने इतकी काल्पनिक विश्वे बाजारात आणली, की एकाचा चाहता दुसऱ्याची पुस्तके घेईना. दुकानदारांकडून परत येणाऱ्या मालाचा भारही वाढला आणि १९९७ मध्ये विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट ह्या कंपनीने ती विकत घेतली. नव्या मालकाने २००० मध्ये नियमांचा गाभा इतर प्रकाशकांस मुक्तपणे वापरू दिला. २०२३ च्या आरंभी ती मोकळीक आवळण्याचा बेत उघड होताच खेळाडूंनी एवढा विरोध केला, की कंपनीला माघार घ्यावी लागली. दीद्रोच्या वर्गणीदाराने न्यायालयात मागितले, ते येथे गिऱ्हाइकांनी बाजारात मिळविले.

मराठीत शासनाच्या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. कोशकार्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होऊ लागल्याने वर्गणीदार मिळविण्याची निकड तेथे उरली नाही. विलंबाबद्दल जाब विचारणारा, पैसे भरून बसलेला माणूसही त्याबरोबरच गेला. पुण्यातील खाजगी प्रकाशक बहुखंडी ग्रंथांसाठी प्रकाशनपूर्व सवलत अजून देतात. ज्ञानकोश व विश्वकोश दोन्ही आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. छापील संच मुख्यतः संग्राहक व ग्रंथालये घेतात आणि जुन्या पुस्तकांच्या बाजारात एखादा खंड कमी असलेला ज्ञानकोश पूर्ण संचापेक्षा बराच स्वस्त मिळतो.