सामना तुमचा, पट कंपनीचा

देवळाली कॅम्प, प्रतिनिधी : लॅम रोडवरील एखाद्या सोसायटीतल्या मुलाने रविवारी मित्रांची ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धा भरवून ती यू-ट्यूबवर थेट दाखवायचे ठरवले, तर त्याला काय लागेल? सभागृह नको, टेबल-खुर्च्या नकोत, घड्याळेही नकोत. लागतो तो ज्यांच्या सर्व्हरवर खेळ चालतो त्यांचा पाठिंबा. हा पाठिंबा नेमका कशाचा, हे कळण्यासाठी नाशिककरांना फार दूर पाहण्याची गरज नाही.

२०२० च्या टाळेबंदीत नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी आणि विनोदी कलाकार समय रैना यांनी यू-ट्यूबवर बुद्धिबळाला असा प्रेक्षक मिळवून दिला, की ज्यातील अनेकांनी पूर्वी पटही मांडला नव्हता. त्याच वर्षी ११ एप्रिलला विश्वनाथन आनंद, विदित आणि अन्य चौघे चेस डॉट कॉमवर देणगीदारांशी खेळले व पीएम केअर्स निधीसाठी सुमारे साडेचार लाख रुपये जमले.

जोड्या लावणे, वेळ मोजणे, निकाल मांडणे आणि शेकडो जणांना डाव पाहू देणे, ही कामे अशा वेळी संकेतस्थळच करते. २०१० मध्ये सुरू झालेल्या लिचेसवर तर नोंदणी केलेला खेळाडू स्वतः स्पर्धा उघडू शकतो. तेथे शुल्क नाही, जाहिराती नाहीत. देणग्यांवर सारे चालते.

याहून मोठा पाठिंबा परवानगीचा. बुद्धिबळाचा पट कोणाच्याही मालकीचा नाही; व्हिडिओ गेम मात्र पूर्णपणे कंपनीचा असतो. जानेवारी २०१८ मध्ये मलेशियात गेंटिंग येथे डोटा २ ची स्पर्धा झाली. आयोजकांनी प्रक्षेपणाचे हक्क फेसबुकला दिले होते. खेळातीलच दर्शक-सुविधा वापरून ट्विचवर सामने दाखवणाऱ्या हौशी समालोचकांची प्रक्षेपणे बंद पाडण्यात आली. तेव्हा खेळाची मालक असलेल्या व्हॉल्व्हने खुलासा केला, की अशा प्रक्षेपणावर हरकत घेण्याचा अधिकार फक्त आपला आहे. आयोजकांचे समालोचन वा कॅमेरे उचलू नयेत आणि धंदा करू नये, एवढीच अट.

तिसरी बाब सचोटीची. थेट प्रक्षेपण पाहून प्रतिस्पर्ध्याची चाल ओळखता येते. म्हणून प्रक्षेपण काही मिनिटे मागे ठेवतात. संगणकाची चोरून मदत घेणाऱ्याला पकडण्याची यंत्रणा मात्र कंपनीकडेच असते. जून २०२१ मध्ये आनंदविरुद्धच्या धर्मादाय सामन्यात एका प्रसिद्ध उद्योजकाने अशी मदत घेतल्याचे उघड झाले, त्याने तशी कबुलीही दिली. हेतू चांगला असला तरी पंच लागतोच!

आणि सर्व काही जमले तरी तार तुटू शकते. ३० ऑगस्ट २०२० रोजी ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम फेरीत इंटरनेट सेवेतील जागतिक बिघाडामुळे निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला व दोघांचे डाव वेळेवर गेले. भारताचा कर्णधार होता विदित. अखेर भारत आणि रशिया या दोघांनाही विजेते घोषित करण्यात आले. तेथे निर्णय द्यायला जागतिक संघटना होती. सोसायटीतल्या स्पर्धेत तो आयोजक मुलालाच द्यावा लागतो.

पैशाचा प्रश्न अधिक नाजूक. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने, पैसे भरून पैसे जिंकण्याच्या आशेने खेळले जाणारे खेळ निषिद्ध ठरवले, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. ई-स्पोर्ट्सना सवलत आहे, तेथे प्रवेश शुल्क आणि बक्षीसही चालते. पण त्यासाठी मान्यता व नोंदणी लागते. असे खेळ उपलब्ध करून देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा प्रत्येकी पन्नास रुपये गोळा करून विजेत्याला रोख बक्षीस देण्याचा बेत असेल, तर तो सोडलेला बरा. प्रवेश मोफत ठेवावा आणि चषक कोणा काकांकडून मिळवावा.