चामोट्यावरचा हात

तुळजापूरला जावळ काढायला आणलेलं मूल मामाच्या मांडीवर बसवतात. वर्षभराचं पोर, रडून लाल झालेलं, मान एका जागी ठरत नाही. समोरचा कारागीर पाण्याने केस चोळून चोळून भिजवतो, डाव्या पंजात डोकं तोलतो आणि मगच वस्तरा टेकवतो. पोराने मान फिरवली की वस्तरा कातडीवरून उचललेला असतो. हात कधी थांबला, ते बघणाऱ्याला कळतही नाही. भवानीच्या गावात मला सगळ्यांत जोखमीचं वाटतं ते हे काम.

आता मूठ तीच राहून पातं बदलतं. दुधारी ब्लेड कागदासकट वाकवून मधोमध मोडायची, अर्धी खाचेत सरकवायची, गिऱ्हाईक उठलं की टाकून द्यायची. जुना वस्तरा अखंड पोलादाचा. पाठ जाड, दोन्ही अंगांनी कोरत धारेपर्यंत पातळ केलेला, लाकडाच्या किंवा शिंगाच्या मुठीत मिटणारा. त्याच्याबरोबर धोकटीत वाटी, आरसा, चिमटा, कात्री, नखं काढायची नराणी आणि चामड्याचं चामोटं. ही धोकटी घेऊन वारीक, म्हणजे गावचा न्हावी, घरोघर जायचा आणि सुगीला त्याच्या बलुत्याची ज्वारी खळ्यावर मापली जायची.

खरी विद्या धार लावण्यात होती. दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवायच्या. जाड पाठीमुळेच कोन चुकत नाही. तिथे धार पुढे जाते. चामोट्यावर नेमकं उलट: पाठ पुढे, धार मागून, आणि टोकाला आलं की पातं पाठीवरच पालटायचं. धारेवर पालटलं तर चामडं चिरतं आणि धारही जाते. दाढीच्या राठ केसांनी वाकलेली बारीक कड चामड्यावर सरळ होते. गालावर वस्तरा तिरपा धरायचा, साधारण 30 अंशांत, दुसऱ्या हाताच्या बोटांनी कातडी ताणून. आधी केसांच्या वळणाने, मगच उलटा हात. शेवटी तुरटी.

1903 साली अमेरिकेत जिलेटचे फेकायच्या पात्याचे रेझर विक्रीला आले, आणि घरच्या घरी दाढी सोपी झाली. दुकानांतून मात्र अखंड पातं हलवलं ते रोगांच्या धास्तीने. भारतात 1986 मध्ये एचआयव्हीचं पहिलं निदान झालं. काही प्रकारची कावीळही रक्तातून पसरते. एकाच वस्तऱ्याने दहा गाल करणं धोक्याचं होतं, बदल झाला तो योग्यच. पण त्याबरोबर पोराला चामोट्यावर हात बसवायला लावणंही थांबलं, याची मला मनापासून हळहळ वाटते.

हा हात एकदा ठरवूनही थांबला होता. 1890 मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक कारागीर सभेला जमले आणि विधवांचं केशवपन करायचं नाही, असा निर्धार त्यांनी केला. तेही त्यांच्या पोटाचंच काम होतं.