पाच लाखांतला एक डोळा

पुण्यातल्या एका डोळ्यांच्या इस्पितळात सकाळी सर्वांत मोठी गर्दी डॉक्टरांच्या दाराशी नसते, विम्याच्या ‘टीपीए डेस्क’ लिहिलेल्या काउंटरशी असते. बाहुली मोठी करायचे थेंब घालून डोळे मिटून बसलेल्या आजी-आजोबांचे मुलगे, सुना, जावई पॉलिसीची प्रिंट आणि आधारची झेरॉक्स सांभाळत उभे. मावशीच्या मोतीबिंदूपायी मीही त्यांच्यात.

डेस्कवरची मुलगी पॉलिसीचं पहिलं पान बघतही नाही. थेट आतला सबलिमिटचा, म्हणजे आजारागणिक कमाल रकमेचा, तक्ता काढते.

‘अहो, पाच लाखांची पॉलिसी आहे!’ पुढची सून म्हणाली.

‘हो मॅडम, पण मोतीबिंदूला एका डोळ्याचे चाळीसच हजार आहेत.’

हा वाद दिवसभर चालतो, आणि चूक सुनेची नाही. मोठा आकडा दर्शनी पानावर, छोटा आत, ही रचनाच ग्राहकाच्या गैरसमजावर उभी आहे. 2020 पासून सगळ्या कंपन्यांकडे एकाच मसुद्यात मिळणारी ‘आरोग्य संजीवनी’ घ्या. तिच्यात मोतीबिंदूला विमा रकमेच्या 25 टक्के किंवा 40,000 रुपये, यांतलं जे कमी ते मिळतं. म्हणजे एक लाखाची पॉलिसी असेल तर 25,000. वर 5 टक्के को-पे आपल्या खिशातून. आणि पॉलिसी काढल्यावर 24 महिने तर मोतीबिंदूचं नावच काढायचं नाही.

खरा हिशेब ठरतो तो शेजारच्या खोलीत, काउन्सेलरसमोर. तिथे लेन्सचं लॅमिनेट केलेलं दरपत्रक असतं. मोनोफोकल घातली की लांबचं स्वच्छ दिसतं, पेपर वाचायला चष्मा लागतो. टॉरिक लेन्स सिलिंडरचा नंबर घालवते. मल्टिफोकल लांबचं-जवळचं दोन्ही सांभाळते, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. शस्त्रक्रिया तीच, टेबल तेच. बिल फुगतं ते लेन्समुळे, आणि सबलिमिटच्या वरचा प्रत्येक रुपया घरचा. म्हणून मावशीने विचारलेला प्रश्न मला सगळ्यांत शहाणा वाटला: ‘मला गाडी चालवायचीय का? मग पोथीपुरता चष्मा चालेल की.’

लेन्स ठरल्यावर प्री-ऑथ, म्हणजे कॅशलेसच्या पूर्वमंजुरीचा अर्ज, कंपनीकडे जातो. अर्ज आल्यापासून तासाभरात कॅशलेसचा निर्णय आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी द्यावी, असं विमा नियामकाने 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. मोतीबिंदू ‘डे-केअर’मध्ये मोडतो, त्यामुळे 24 तास दाखल राहण्याची अट नाही, पेशंट संध्याकाळी घरी. कागदांत सगळ्यांत जपायची वस्तू म्हणजे लेन्सच्या डबीवरचा स्टिकर. पॉवर आणि सीरियल नंबर असलेला तो चिटोरा केस पेपरला चिकटलेला नसला की कंपनीची ‘क्वेरी’ आलीच.

चष्म्याचा नंबर घालवायला आलेले लेसिकवाले तरुण मात्र डेस्कवरून लवकर परततात. नंबर 7.5 डायॉप्टरपेक्षा कमी असेल तर तो खर्च वगळायची मुभा कंपन्यांना आहे, आणि बहुतेकांचा नंबर त्याच्या आतच असतो.

आमच्या रांगेत फारसं कुणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट: संजीवनीत दाखल होण्याआधीच्या 30 आणि नंतरच्या 60 दिवसांतला त्याच आजाराचा खर्चही धरला जातो. लेन्सची पॉवर काढायची तपासणी, आधीची डॉक्टरांची फी, नंतरचे थेंब. अर्थात 40,000 आधीच संपले असतील तर तिथेही हाती काही लागेलच असं नाही, हे डेस्कवरच्या मुलीने न विचारता सांगितलं. मावशीची मोनोफोकल स्वस्तातली होती. तिच्या थेंबांच्या पावत्या आम्ही जोडल्या.