आधी हात कोणी उचलला?
(महायुद्धाची वाट : लेखांक ६)

गेल्या आठवड्यात आपण २८ जुलै १९१४ पर्यंत आलो होतो. ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं, तेही तारेने. पुढे आठवडाभरात निम्मा युरोप पेटला आणि त्याचं खापर आपली पाठ्यपुस्तकं ‘करारांच्या जाळ्या’वर फोडून मोकळी होतात. मला हे पटत नाही. ते करार बहुतांशी बचावाचे होते. मित्रावर कोणी चालून आलं तर मदतीला धावायचं. मित्रानेच कुरापत काढली असेल, तर बंधन नाही. म्हणून त्या आठवड्यात जो तो एकाच खटपटीत होता: आगळीक समोरच्याची दिसली पाहिजे.

फ्रान्सने ३० जुलैला आपलं सैन्य सरहद्दीपासून दहा किलोमीटर मागे घेतलं. लंडनमध्ये काय वाटेल, याची पॅरिसला काळजी होती. जर्मनीला हे परवडणारं नव्हतं. रशियाची जमवाजमव पुरी व्हायच्या आत बेल्जियममार्गे फ्रान्सला गाठायचं, असा तिचा बेत. त्यात थांबायला जागाच नव्हती.

१ ऑगस्टच्या संध्याकाळी सेंट पीटर्सबर्गमध्ये जर्मन राजदूत पुर्तालेस परराष्ट्रमंत्री साझोनोव यांना भेटले. जमवाजमव थांबवणार का, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. दर वेळी नकारच मिळाला. तेव्हा युद्धघोषणेचा कागद देऊन ते खिडकीपाशी गेले आणि रडू लागले. बर्लिनने दोन पर्याय लिहून पाठवले होते: रशियाने नकार दिला तर हे कारण, उत्तरच दिलं नाही तर ते. गडबडीत दोन्ही त्याच कागदावर राहून गेले! थोडक्यात, उत्तर काहीही आलं तरी युद्ध ठरलेलं होतं.

फ्रान्सच्या बाबतीत तर कारण चक्क बनावट निघालं. फ्रेंच वैमानिकांनी न्यूरेंबर्गजवळ रेल्वेवर बॉम्ब टाकले, असं ३ ऑगस्टच्या घोषणेत म्हटलं होतं. असं काहीच घडलं नव्हतं. बेल्जियमला आदल्या संध्याकाळी बारा तासांची मुदत दिली होती, तीही फ्रेंच फौजा तुमच्या मुलखातून येणार आहेत, अशी हूल देऊन. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी देणाऱ्या १८३९ च्या करारावर प्रशियाचीही सही होती. ४ ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसलं आणि त्याच रात्री ब्रिटन युद्धात उतरलं.

हा सगळा खटाटोप फसला तो घरच्याच मित्रापाशी. इटली १८८२ पासून जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या त्रिराष्ट्र करारात होती. सर्बियाला निर्वाणीचा खलिता धाडताना ऑस्ट्रियाने तिचा सल्ला घेतला नव्हता. हल्ला तुम्ही केलात, तेव्हा करार आम्हाला लागू नाही, असं म्हणत ती तटस्थ राहिली. युक्तिवाद बिनतोड होता, हेतू मात्र तितका सोवळा नव्हता. त्रेंतो आणि त्रिएस्ते हे ऑस्ट्रियाच्या ताब्यातले प्रदेश तिला हवे होते.

आणि ज्याच्यासाठी जर्मनी रशियावर धावून गेली, त्या ऑस्ट्रियाने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं ६ ऑगस्टला, म्हणजे जर्मनीनंतर पाच दिवसांनी. इटलीला आपल्याकडे ओढण्यासाठी दोन्ही बाजूंनी जी बोली लागली, ती पुढच्या आठवड्यात पाहू.