ज्वालामुखी, काळी माती आणि औषधी गंधक

भातकुलीच्या शिवारातील काळी माती ही मुळात ज्वालामुखीची देणगी आहे. सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हारस वाहिला. त्यात सिलिकेचे प्रमाण कमी असल्याने तो पातळ होता. वायू सहज निसटले आणि मोठ्या स्फोटांऐवजी थरांवर थर पसरत गेले. तोच आपला काळा पाषाण, बेसॉल्ट. तो झिजून पूर्णा व तिच्या उपनद्यांनी आणलेल्या गाळावर आपली शेती उभी आहे. थिजताना राहिलेल्या वायूच्या पोकळ्यांत पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपून अकीक तयार झाला. त्याचीच पिष्टी आपण वापरतो.

लाव्हारस दाट असेल तर वायू कोंडतात, स्फोट होतो आणि राख उडते. ही राख पाण्याच्या सान्निध्यात कालांतराने बेंटोनाइट नावाची फुगणारी माती बनते. जागृत ज्वालामुखीच्या मुखाशी हायड्रोजन सल्फाइड व सल्फर डायऑक्साइड यांच्या संयोगातून पिवळा गंधक साचतो. 1991 साली पुन्हा जागृत झालेल्या अंदमानातील बॅरन बेटावर असा गंधक आढळला आहे. दख्खनच्या पाषाणात मात्र त्याचे काढण्याजोगे साठे नाहीत. आज बाजारातील बहुतांश गंधक खनिज तेल व नैसर्गिक वायू शुद्ध करताना मिळतो.

येथेच औषधनिर्मात्यांनी सावध राहावयास हवे. कृषी केंद्रांतही 'गंधक' मिळतो. परंतु पिकांसाठीच्या 90 टक्के गंधकात बेंटोनाइट, तर फवारणीच्या 80 टक्के भुकटीत ती पाण्यात मिसळावी म्हणून इतर द्रव्ये घातलेली असतात. स्वस्त म्हणून असा माल औषधासाठी घेणे सर्वथा अयोग्य होय. तुपात वितळवून दुधात गाळण्याचे शोधन ग्राह्य गंधकासाठी सांगितले आहे. ही मिसळलेली रसायने काढण्यासाठी नव्हे.

प्राथमिक परीक्षा सोपी आहे. शुद्ध गंधकाची भुकटी पाण्यावर तरंगते. फवारणीची भुकटी पाणी दुधाळ करते. हवेशीर जागी, धूर टाळून चिमूटभर जाळल्यास शुद्ध गंधक निळ्या ज्योतीने जळून जवळजवळ काहीच शेष ठेवत नाही. बेंटोनाइट असल्यास माती उरते. या परीक्षेत उतरलेला मालही आयुर्वेदिक फार्माकोपियातील मानकांनुसार प्रयोगशाळेत तपासूनच घ्यावा.

शास्त्रकारांनी शोधनापूर्वी ग्राह्य-अग्राह्य विचार सांगितला आहे. आमलसार गंधकाची निवड हा त्याचाच भाग. द्रव्य कोठून आले, हे विचारल्यावाचून मूषा अग्नीवर ठेवू नये, अशी आमची सर्व वैद्यबंधूंस व औषधनिर्मात्यांस नम्र विनंती आहे.